फायनली म्हणजे नक्की कधी?

शुक्रवार. संध्याकाळचे पावणेसात. एका मैत्रिणीच्या ऑफिसमध्ये मी अधूनमधून फुकटचं वाय-फाय आणि कॉफी वापरायला जाते. त्या दिवशी तिथे सगळ्यांच्या नजरा एकाच स्क्रीनवर खिळल्या होत्या. क्लायंटला जाणारं प्रेझेंटेशन अपलोड होत होतं. ब्याण्णव टक्के... शहाण्णव... झालं! आणि अख्ख्या फ्लोअरवरून एकच शब्द निघाला, आरतीसारखा एका सुरात.

"फायनली!"

फाइलचं नाव होतं 'प्रेझेंटेशन_फायनल_फायनल_२_नवीन'. दहाव्या मिनिटाला क्लायंटचा मेल आला. स्लाइड नऊमध्ये छोटासा बदल हवा होता.

घरी येताना रिक्षात बसून मी विचार करत होते, की आपण हा शब्द दिवसातून किती वेळा वापरतो? दुसऱ्या दिवशी चक्क मोजलं. मोबाइलमध्ये टिंबं टाकत गेले. रात्री झोपेपर्यंत सतरा टिंबं! फायनली पाणी आलं (सोसायटीच्या टँकरचं). फायनली पेमेंट जमा झालं (तीन महिन्यांपूर्वीच्या लेखाचं). फायनली तो बोलला (रूममेटचा तो). फायनली ठरलं, की पिक्चरला जायचं नाही. यातल्या एकाही 'फायनली'चा अर्थ दुसऱ्यासारखा नव्हता. आणि खरं सांगायचं तर, त्यातलं एकही काम 'फायनली' झालेलं नव्हतं.

तर आज आपल्या सगळ्यांच्या या लाडक्या शब्दाची जरा चौकशी करूया.

हुश्श की आभार?

इंग्रजीत 'फायनली' हा शब्द मुळात तीन नोकऱ्या करतो. पहिली नोकरी यादीतल्या शेवटच्या मुद्द्याची. फर्स्टली, सेकंडली आणि मग फायनली. इथे कसली वाट पाहिलेली नाही, कसली सुटका नाही. नुसता क्रम आहे. दुसरी नोकरी सुटकेची. खूप वाट पाहिली, आणि झालं एकदाचं. तिसरी नोकरी शिक्कामोर्तबाची. आता यावर चर्चा नाही, हे कायमचं ठरलं. कोर्टकचेरीच्या, करारमदाराच्या भाषेत हा तिसरा अर्थ फार महत्त्वाचा. लॅटिनमधला 'फिनिस' म्हणजे शेवट, सीमा. तिथून फ्रेंचमार्गे हा शब्द इंग्रजीत आला. मॅरेथॉनमधली फिनिश लाइन आणि नाटक-संगीतातलं फिनाले हे त्याचेच भाऊबंद.

या तीन नोकऱ्यांतला फरक मला कळला तो भर वर्गात, आणि चांगलाच महागात पडून.

मी नगरची. शाळा मराठी माध्यमाची. मास कॉमला पुण्यात आले तेव्हा पहिल्याच महिन्यात प्रेझेंटेशन करायचं होतं. विषय होता ग्रामीण भागातला रेडिओ. पाठ करून गेले होते. वीस मिनिटं घाम पुसत बोलले आणि शेवटची स्लाइड आली तेव्हा छातीठोकपणे म्हणाले, "ॲट लास्ट, आय वुड लाइक टू थँक माय टीचर्स."

मागच्या बाकावरून खसखस पिकली. मला कळेना काय झालं. नंतर एकीने समजावलं, "अगं, 'ॲट लास्ट' म्हणजे 'हुश्श, एकदाचं'! तू म्हणालीस, की हुश्श, एकदाचे सरांचे आभार मानायला मिळाले!"

मराठीत आपण 'शेवटी' म्हणतो ना, तो शब्द मी सरळ उचलून इंग्रजीत ठेवला होता. 'शेवटी मी सर्वांचे आभार मानते' हे मराठीत अगदी सभ्य वाक्य आहे. इंग्रजीत तिथे 'फायनली' किंवा 'लास्टली' हवं. 'ॲट लास्ट' फक्त सुटकेसाठी, आभारासाठी नाही. तुमच्यापैकी कितीजणांनी कंपनीच्या टाउनहॉलमध्ये हेच केलं असेल, हात वर करा बघू!

दुसरा घोटाळा याहून छुपा आहे. 'शेवटी आपण माणसंच ना!' या वाक्यात 'शेवटी' म्हणजे ना क्रम, ना सुटका. कितीही काही झालं तरी मुळात आपण माणसं, असा तो अर्थ. याला इंग्रजीत 'आफ्टर ऑल' म्हणतात. पण आपण बिनदिक्कत 'फायनली वुई आर ह्यूमन्स' असं ठोकून देतो. ऐकणाऱ्या इंग्रजाला वाटेल, काल-परवापर्यंत ही मंडळी दुसरंच काहीतरी होती आणि आज अथक प्रयत्नांनी माणसं झाली!

आणि तिसरा घोटाळा ऑफिसमधला, म्हणून सगळ्यांत धोकादायक. टीममधल्या कुणाला तरी रिपोर्ट पाठवायला दोन दिवस उशीर झाला. तुम्ही गोड होऊन उत्तर दिलंत, 'थँक्स फॉर फायनली सेंडिंग धिस.' तुम्हाला वाटतंय तुम्ही आभार मानलेत. समोरच्याने वाचलं, 'पाठवलंस बाबा एकदाचं!' वाक्याच्या सुरुवातीला आलेला 'फायनली' बिचारा निरुपद्रवी असतो, पुढे स्वल्पविराम घेऊन शिस्तीत उभा राहतो. पण क्रियापदाला चिकटून बसला की टोमणा मारतो. अप्रेझलच्या आधी हे लक्षात ठेवा, नंतर काही उपयोग नाही.

एकदाचा, एकदाची, एकदाचं

मग प्रश्न पडला, की मराठीत याला शब्द नाहीत म्हणून आपण 'फायनली' म्हणतो का? छे! उलट इथे तर शब्दांची रांग आहे. क्रमासाठी 'शेवटी'. गोष्ट सांगताना खूप वळणं घेऊन मुक्कामी पोचलो, की 'सरतेशेवटी'. शिक्कामोर्तबासाठी 'कायमचं'. बातमीच्या मथळ्यासाठी 'अखेर'. आणि या सगळ्यांत माझा आवडता, 'एकदाचा'.

या शब्दाची गंमत बघा. 'एकदा' म्हणजे एक वेळ. त्याला 'चा' लागला आणि अर्थच पालटला. शिवाय हा शब्द समोर काय आहे ते बघून कपडे बदलतो. एकदाचा पाऊस आला. एकदाची बस मिळाली. एकदाचं लग्न झालं. एकदाचे पैसे आले. इंग्रजीतल्या 'फायनली'ला पाऊस काय आणि पगार काय, सगळं सारखंच. आपला 'एकदाचा' मात्र ज्याची वाट पाहिली त्याच्याशी लिंग-वचन जुळवून घेतो. शिवाय त्यात आनंदापेक्षा वैतागच जास्त असतो. माझी आई फोनवर म्हणते, "एकदाचं उरकून टाक गं लग्न." त्यात लग्नाचा उत्साह किती आणि कटकट मिटण्याची घाई किती, हे तुमचं तुम्ही ठरवा. तिला मी एकदा म्हटलं, "अगं आई, लग्न म्हणजे काय भांडी आहेत का उरकायला?" तर म्हणाली, "भांडी तरी तू वेळेवर कुठे उरकतेस!" फायनली, विषय बदलला.

'अखेर' मात्र पाहुणा आहे. अरबी 'आखिर' फारसीतून आपल्याकडे आला आणि इथलाच झाला. मार्चअखेर, महिनाअखेर, वर्षअखेर. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. पण हा 'अखेर' मराठीत ठाण मांडून बसला तो बसलाच. आमच्या नगरला तर अशा शब्दांचं माहेर म्हणायला हरकत नाही. निजामशाहीची राजधानी होती ही!

नगरचं 'फायनली' कधी टिकत नाही

नगरवरून आठवलं. शेवट या गोष्टीशी आमच्या गावाचं काहीतरी विचित्र नातं आहे.

मलिक अहमद याने १४९० मध्ये बहामनी सत्तेपासून फारकत घेतली आणि १४९४ मध्ये स्वतःच्या नावाचं शहर वसवायला घेतलं. १६०० मध्ये अकबराच्या फौजेने नगरचा किल्ला घेतला. इतिहासाच्या पुस्तकात आपण वाचतो, की अखेर किल्ला पडला. पण निजामशाही काही संपली नाही. मलिक अंबरने ती पुढे चालवली, शहाजीराजांनी ती सावरायचा प्रयत्न केला, आणि ती संपायला १६३६ उजाडलं. म्हणजे पहिलं 'अखेर' आणि खरं 'अखेर' यात छत्तीस वर्षांचं अंतर!

मग औरंगजेब. दख्खन एकदाचं जिंकून टाकू, या हिशोबाने १६८१ मध्ये दक्षिणेकडे निघाला. विजापूर घेतलं, गोवळकोंडा घेतला, मराठे काही हाती लागेनात. पाव शतक तंबूत काढून १७०६ मध्ये थकून नगरला आला. आपल्या प्रवासाचा शेवट इथेच आहे, असं तो तेव्हा म्हणाल्याचं सांगतात. ३ मार्च १७०७ रोजी नगरजवळ भिंगारला तो गेला. दफन मात्र खुलदाबादला. दिल्ली त्याला पुन्हा दिसली नाही.

आणि तिसरे पंडित नेहरू. ऑगस्ट १९४२ मध्ये 'भारत छोडो' ठरावानंतर त्यांना आणि काँग्रेस कार्यकारिणीतल्या इतर नेत्यांना नगरच्या किल्ल्यात आणून ठेवलं. मार्च १९४५ पर्यंत ते तिथे होते. तिथेच १९४४ मध्ये, एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत, त्यांनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं. आता गंमत ऐका. पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणाचं नाव 'अहमदनगर फोर्ट'. शेवटच्या, दहाव्या प्रकरणाचं नाव 'अहमदनगर फोर्ट अगेन'. त्याच्या अखेरीस उपसंहार. संपलं? नाही. सुटकेनंतर अलाहाबादला जाऊन डिसेंबर १९४५ मध्ये त्यांनी वर आणखी एक ताजा कलम जोडला! म्हणजे 'फायनल_फायनल_२' हा प्रकार काही आपल्या पिढीचा शोध नाही. यापुढे क्लायंटचा मेल आला की मी नेहरूंचं नाव घेऊन कामाला लागणार आहे.

अलीकडची गोष्ट तर तुम्हीही वाचली असेल. ३१ मे २०२३ रोजी, अहिल्यादेवी होळकरांच्या जयंतीला, त्यांच्या जन्मगावी चौंडीला मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं, की अहमदनगरचं नाव अहिल्यानगर होणार. आमच्या शाळेच्या ग्रुपवर मेसेज आला, 'फायनली!' मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. पुन्हा मेसेज, 'फायनली!' ऑक्टोबर २०२४ मध्ये अधिसूचना निघाली. पुन्हा तोच मित्र, पुन्हा तोच मेसेज, या वेळी तीन उद्गारचिन्हं. मी त्याला विचारलं, "अरे, यातलं खरं फायनली कुठलं?" तो म्हणाला, "तिन्ही!" आणि एका अर्थी त्याचं चुकलं नव्हतं. पहिलं सुटकेचं, दुसरं यादीतल्या पुढच्या पायरीचं, तिसरं शिक्कामोर्तबाचं. इंग्रजीचं सगळं व्याकरण त्या ग्रुपवर दीड वर्षात शिकवून झालं. एसटी स्टँडवर मात्र कंडक्टरला लोक अजूनही 'एक नगर' म्हणूनच तिकीट मागतात. दोन्ही नावांत ते शेवटचं 'नगर' आहेच, त्यामुळे कुणाचं अडत नाही.

अखेर, पण कुणाची?

इथपर्यंत सगळी गंमत होती. आता जे सांगणार आहे, त्यासाठी खरं तर हा विषय मी घेतला.

माझं आजोळ संगमनेर तालुक्यात. प्रवरा नदी तालुक्यातून वाहते, पण आजोळ नदीपासून लांब आणि उंचावर. नदी वरच्या अंगाला भंडारदऱ्याला अडवलेली. ते धरण इंग्रजांच्या काळातलं, १९२६ मध्ये पुरं झालेलं. त्याच्या कालव्यांवर खाली ऊस उभा राहिला, आणि प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना. आमच्या गावाच्या वाट्याला मात्र उन्हाळ्यातला टँकर. आजीच्या घरी मामींनी अंघोळीच्या पाण्याची बादली मोजून दिलेली मला आठवते. मोठ्यांना एक, मुलांना अर्धी.

भंडारदऱ्याच्या खाली, अकोले तालुक्यात निळवंडे धरण व्हायचं होतं. त्याला १९७० मध्ये मंजुरी मिळाली. तेव्हा खर्चाचा अंदाज सुमारे आठ कोटींचा. मग धरणाची जागा बदलली, पुनर्वसनाचे प्रश्न आले, निधीची चणचण आली, सरकारं आली आणि गेली. धरण उभं राहिलं, तर कालवे राहिले. शेवटी मे २०२३ मध्ये डाव्या कालव्यात चाचणीचं पाणी सोडलं आणि २६ ऑक्टोबर २०२३ रोजी शिर्डीच्या कार्यक्रमात पंतप्रधानांच्या हस्ते या कालव्याचं लोकार्पण झालं. लांबी ८५ किलोमीटर. नगर जिल्ह्यातले सहा आणि नाशिकचा एक, अशा सात तालुक्यांतल्या १८२ गावांना त्याचा लाभ होणार होता. प्रकल्पाचा खर्च तोवर ५,१७७ कोटींवर गेलेला. मंजुरीपासून मोजा, त्रेपन्न वर्षं.

मी त्यावर लेख लिहिला. फ्रीलान्सरला असा विषय म्हणजे पर्वणी! आपल्याच गावचा, आकडे हाताशी, भावना तयार. मथळा काय दिला असेल? बरोब्बर. 'अखेर पाणी आलं!' स्टेटसला कालव्यातल्या गढूळ पाण्याचा फोटो टाकला आणि त्यावर 'फायनली' असं लिहिलं. दीडशे लोकांनी बदाम पाठवले. त्यातल्या निम्म्यांना संगमनेर कुठे आहे हेही माहीत नव्हतं.

दिवाळीत आजोळी गेले तेव्हा अंक सोबत नेला. आजी चौथी शिकलेली, अक्षरं लावत लावत वाचते. अंगणात बसून तिने चष्मा चढवला. मथळ्यावर बोट ठेवून थांबली.

"अखेर?" ती म्हणाली. "अखेर कुणाची गं?"

मला वाटलं, तिला शब्द कळला नाही. मी समजावून सांगायला लागले, "अगं आजी, म्हणजे फायनली. इतकी वर्षं वाट पाहिली, आणि एकदाचं..."

तिने मला मधेच थांबवलं. "ते कळतं मला. अखेर तुझ्या आजोबांची झाली, पोरी. अकरा साली. पाणी मागून आलं."

मी गप्प बसले.

आजोबा कालव्याच्या प्रत्येक बैठकीला जायचे, हे मला लहानपणापासून माहीत होतं. टोपी, पिशवी, पिशवीत अर्जाच्या प्रती. घरी मुलं हसायची. आजोबा निघाले की मामा म्हणायचा, "चालले बघा पाणी आणायला." २०११ मध्ये ते गेले तेव्हा मी नववीत होते. माझ्या लेखात मंजुरीचं साल होतं, खर्च होता, लांबी होती, गावांची संख्या होती. आजोबा नव्हते. त्रेपन्न वर्षं हा आकडा मी ठळक करून छापला होता, पण त्यातली एक्केचाळीस वर्षं जो माणूस रोज जगला, तो माझ्या 'अखेर'मध्ये कुठे बसत होता?

आजीला मात्र माझा अपमान करायचा नव्हता. तिने पुढे सगळा लेख वाचला. एक तास लागला तिला. मग म्हणाली, "चांगलं लिव्हलंय. पण आपल्या रानात चारी कुठं झालीय अजून? कालव्याला पाणी आलंय. रानाला नाही."

आपल्या शहरी लोकांना वाटतं, की कालव्याचं बटण दाबलं की शेत भिजतं. तसं नसतं. धरणातून मुख्य कालवा, मुख्य कालव्यातून वितरिका, वितरिकेतून चाऱ्या आणि चारीतून शेत. नळाचं कनेक्शन सोसायटीच्या गेटपर्यंत आलं, म्हणून तुमच्या बेसिनला पाणी येतं का? मी ज्याला 'फायनली' म्हणत होते, ते गेटपर्यंत आलेलं पाणी होतं. माझा शब्द चुकला नव्हता, घाईत होता.

आता

नंतर आवर्तन सुटलं तेव्हा कालव्याचं पाणी ओढ्या-नाल्यांत, बंधाऱ्यांत सोडलं. उन्हाळ्यात मामाचा फोन आला. विहिरीला पाणी वाढलं होतं. चारीने नाही, पाझराने. जमिनीखालून, कुणाला न सांगता, कुठलंही उद्घाटन न होता पाणी आलं होतं. मी फोनवर ओरडणार होते, पण शब्द ओठांवरच थांबवला. म्हटलं, आधी आजीला विचारू, ती याला काय म्हणते.

आजी फोनवर आली आणि म्हणाली, "आता असं कर, ते डाळिंबाचं काय असतं ते मोबाइलात बघून सांग. तुझा मामा कांदाच लावायचं म्हणतोय."

आता! बायका गप्पा मारताना मधेमधे पेरतात तो साधा 'आता'. मला तो ऐकून शाळेची प्रार्थना आठवली. आमच्याच जिल्ह्यात, नेवाशाला, शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ती सांगितली असं मानतात, तो पैस खांब आजही तिथे आहे. नेवासा आहे प्रवरेच्याच काठी. म्हणजे जी नदी वर निळवंड्याला अडवली आहे, तीच. सुमारे नऊ हजार ओव्या सांगून झाल्यावर ज्ञानेश्वरांनी पसायदान मागितलं. इतकं प्रचंड काम संपवताना आपण काय म्हटलं असतं? 'फायनली!' किमान 'सरतेशेवटी'. त्यांनी सुरुवात केली ती 'आता' या शब्दाने. तुम्हीही ते शाळेत म्हटलं असेल. मनातल्या मनात आठवून बघा, पहिला शब्द तोच येईल.

मी काही ज्ञानेश्वरीची अभ्यासक नाही, त्यामुळे फार पुढे जात नाही. पण एवढं मला उमगलं, की 'फायनली' म्हणताना आपण मागे बघत असतो. किती थांबलो, किती सोसलं, कसं जिंकलं. आणि 'आता' म्हणताना पुढे बघतो. आजी त्रेपन्न वर्षं थांबली होती, नवरा गमावून थांबली होती. मागे बघायचा तिला आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त हक्क होता. तरी तिला काळजी होती ती डाळिंब की कांदा याची.

याचा अर्थ 'फायनली' म्हणायचंच नाही, असं नाही हं! पगार झाला, व्हिसा आला, फ्लॅटचा ताबा मिळाला, की खुशाल ओरडा. मीही ओरडणारच आहे. मनातल्या हुश्शला वाट तर हवीच. फक्त पुढच्या वेळी हा शब्द टाइप करताना एक सेकंद थांबा आणि स्वतःला आजीचा प्रश्न विचारा, 'कुणाचं?' ज्याने रात्री जागून स्लाइड केल्या आणि मध्येच राजीनामा देऊन गेला, त्याचंही ते फायनली आहे का? सोसायटीचं पाणी आलं, पण टँकरवाल्या पोराचा दिवस संपला का? आणि आईला एकदाचं लग्न हवंय, ते नक्की कुणाचं एकदाचं?

आजीला मी डाळिंबाची माहिती काढून पाठवली. मामाने कांदाच लावला. या वेळी आमच्यात भांडण झालं ते कशावरून, ते पुन्हा कधीतरी.

हा लेख पाठवायची वेळ झालीय. संपादकांचा दोनदा फोन येऊन गेलाय, आणि तिसऱ्यांदा येईल तेव्हा त्या काय म्हणतील, तेही मला माहीत आहे. "पाठवलास एकदाचा?" फाइलला नेहमीसारखं 'फायनल' असं नाव देणार होते. खोडलं. नुसतं 'नगर_आता' ठेवलंय. स्लाइड नऊमध्ये बदल असेल तर कळवा!